डावीकडचा रकाना

“‘तक्रारदार बाईंनी कंबरेचे माप तीन इंच कमी सांगितले आहे, असे प्रथमदर्शनी दिसते,’” नूपुरनं वाचलं आणि लॅपटॉपवरून मान वर केली. “बाबा, हा कोणी लिहिला?”

“मी,” मनोहर खांबेटे म्हणाले. रविवार होता आणि ते पोह्यांतले शेंगदाणे शेवटी खायला म्हणून ताटलीच्या कडेला काढत होते.

“अजून आहे. ‘तथापि काष्टा दोन इंच आखूड आहे, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. चूक आपली आहे. शिंप्यास विचारले असता तो हसला. सबब बाईंना दुसरी साडी शिवून द्यावी.’ बाबा, हा पूर्ण वेबसाइटवर आहे. सगळी दुनिया बघतेय!”

“शक्य नाही. ती आतली टिप्पणी आहे. बाईंना जे पत्र धाडलं ते वेगळं, उजवीकडच्या रकान्यात. ‘आपला अभिप्राय आम्हांस मोलाचा वाटतो. बाब विचाराधीन आहे.’”

“उजवीकडचा आपल्यासाठी असतो, बाबा. डावीकडचा पब्लिकला दिसतो. अकरा दिवस झाले. तेवीस बायका. तेवीस बायकांना तुम्ही...” ती स्क्रीन खाली सरकवत गेली. “‘बाईंचा स्वभाव तापट दिसतो, परंतु मुद्दा बरोबर आहे.’ मा गो!”

खांबेट्यांनी हातातला शेंगदाणा परत ताटलीत ठेवला.

ही चूक कशी झाली हे कळायला सरकारी फाइल कधीतरी उघडी पाहिलेली असावी लागते. तिला दोन बाजू असतात. उजवीकडे पत्रव्यवहार, म्हणजे जगाला जे सांगायचं ते. डावीकडे हिरवट कागदांची नोटशीट, म्हणजे जे घडलं ते. खांबेटे कोलकात्यात खिदिरपूरच्या गोदीजवळच्या एका कचेरीत चौतीस वर्षं तक्रारींच्या टेबलावर होते. कचेरीचं नाव सांगण्यात अर्थ नाही. तिथल्या लोकांनाही ते एका दमात म्हणता येत नसे. बोटीवरून उतरलेला माल फुटला, भिजला किंवा नाहीसा झाला की लोक खांबेट्यांच्या टेबलापाशी येत. खांबेटे उजवीकडे लिहीत, ‘बाब विचाराधीन आहे.’ डावीकडे लिहीत, पेटी कोणी पाडली. डावीकडचं उजवीकडे जाता कामा नये, एवढंच त्या नोकरीचं कौशल्य होतं. चौतीस वर्षांत त्यांच्या हातून असा एकही अपघात झाला नव्हता, आणि निरोपसमारंभात साहेबांनी त्याचा खास उल्लेख केला होता.

वडील फोर्ट विल्यममध्ये कारकून म्हणून बदलून आले आणि परत जायचं राहून गेलं, एवढ्या कारणानं खांबेटे कोलकात्याचे झाले होते. निवृत्तीनंतरच्या तीन महिन्यांत त्यांनी स्वयंपाकघरातले सगळे डबे उघडल्याच्या तारखेप्रमाणे लावले. चौथ्या महिन्यात त्यांच्या बायकोनं, वृंदानं, त्यांना वेबसाइटवर बसवलं.

वेबसाइट वृंदाची होती. वृंदा बावीस वर्षं बदली शिक्षिका होती. कोणी बाळंतपणाला गेलं की तीन महिने या शाळेत, कोणाचा पाय मोडला की एक सत्र त्या शाळेत. तिच्या नावाची खुर्ची कुठल्याच स्टाफरूममध्ये नव्हती. पाच वर्षांपूर्वी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत नाचासाठी आठ नऊवारी साड्या हव्या होत्या. मुलींना नेसता येत नव्हत्या आणि नेसवणाऱ्या आजी नागपूरला परत गेल्या होत्या. वृंदा कापड घेऊन मटियाबुरुजला गेली. मटियाबुरुज म्हणजे शिंप्यांचा मुलूख, आणि तिथल्या उस्ताद शिंप्याला ओस्तागर म्हणतात. रफिकुल ओस्तागर यांनी जन्मात नऊवारी पाहिली नव्हती. त्यांनी वृंदानं दाखवलेला फोटो उलटा धरून, सुलटा धरून पाहिला, आणि पायजम्यासारखी पायांत घालायची आठ लुगडी चार दिवसांत शिवून दिली. फोटो पाहून पुण्याहून, मग ठाण्याहून विचारणा झाली. नूपुर सेक्टर फाइव्हमधल्या एका कंपनीत वेबसाइटी बनवते. तिनं आईला एक करून दिली. नाव ‘कासोटा’. वृंदानं जेवणाच्या टेबलाच्या टोकाला एक खुर्ची ओढली आणि तिच्या पाठीवर स्वतःची शाल टाकून ठेवली. ती शाल त्यानंतर तिथून कधी हलली नव्हती.

तीन वर्षं बरं चाललं. मग वेबसाइटवरचे तारे गळायला लागले. साडेचारावरून चार, चारावरून साडेतीन, आणि या थंडीत दोन पूर्णांक आठ. साड्या परत येत होत्या. नूपुरनं स्पष्ट सांगितलं होतं, “पाडव्यापर्यंत बघू, आई. नाहीतर बंद करू.” वृंदानं फक्त रफिकुलना नवं कापड सांगणं थांबवलं होतं.

आणि आता हे.

“डिलीट करते,” नूपुर म्हणाली. तिच्या मराठीत नपुंसकलिंग जवळजवळ नव्हतंच. कोलकात्यात वाढलेल्या मुलांचं ते वाटेत कुठेतरी, बहुधा रायपूरच्या आसपास, गळून पडतं. “सगळा डिलीट. आणि एक बॉट लावते. ‘तुम्हाला असं वाटलं याबद्दल आम्ही दिलगीर आहोत,’ एवढाच बोलत बसेल.”

“वाक्य चांगलं आहे,” खांबेटे म्हणाले. त्यांना खरोखरच आदर वाटला होता. “कोणी काही केल्याचं त्यात कुठे येतच नाही.”

“थांब जरा,” वृंदा म्हणाली. तिनं चष्मा लावला. “त्या कंबरेच्या बाईंनी खाली काही लिहिलंय का?”

लिहिलं होतं. नूपुरनं वाचलं, आधी भरभर, मग सावकाश.

“‘मी सुहासिनी, डोंबिवलीहून. कंबर सदतीस आहे. चौतीस मी नवऱ्यालाही सांगितलेली आहे, तेव्हा हे आपल्यातच राहू द्या. आजवर पाच दुकानांशी ऑनलाइन भांडले. चूक आपली आहे, हे वाक्य पहिल्यांदा वाचलं. वाचून मी खुर्चीत बसले. दुसरी साडी नको, हीच दोन इंच वाढवून द्या. आणि हे लिहितं कोण?’”

“आपल्यातच राहू द्या म्हणते,” खांबेटे म्हणाले.

“एकशे चाळीस लोकांनी लाइक केलाय, बाबा.”

खालच्या रस्त्यावरून ट्राम नसलेल्या ट्रामच्या रुळांवर एक टॅक्सी खडखडत गेली.

“पाडव्यापर्यंत हे असंच राहू दे,” वृंदा म्हणाली.

“आई, बिझनेस असा नाही चालत.”

“आत्ता कुठे चाललाय? तसाही बंदच करायचाय ना? मग खरं बोलून बंद करू.”

“अगं, पण हे नियमाविरुद्ध आहे,” खांबेटे म्हणाले.

“कुठल्या नियमाविरुद्ध?”

खांबेटे विचार करत बसले. नियम होता हे नक्की. कुठला, ते त्यांना संध्याकाळपर्यंत आठवलं नाही.

सोमवारपासून ते डाव्या रकान्यात लिहायला लागले, या वेळी समजून उमजून. पहिले दोन दिवस त्यांना रस्त्यात उघडं उभं असल्यासारखं वाटायचं. ते एक वाक्य लिहीत, उठून गॅलरीत जात, खिदिरपूरकडे पाहत आणि परत येऊन ‘पाठवा’ दाबत. ‘रंग फोटोत जांभळा आहे, प्रत्यक्षात वांगी आहे. फोटो खोटा आहे. बदलला.’ ‘पार्सल उशिरा पोचले. कारण आम्ही ते पाठवायला विसरलो होतो.’ ‘बाई म्हणतात पदर भिकार आहे. पदर पाहिला. भिकार आहे.’

बायका वाचत होत्या. नुसत्या वाचत नव्हत्या, एकमेकींना उत्तरं देत होत्या, आणि तीही नोटशीटच्या भाषेत. ‘वरील तक्रार वाचली. माझाही पदर तसाच आहे. पुष्टी देत आहे.’ सरकारी नोकरीची इतक्या बायकांना आवड असेल असं खांबेट्यांना वाटलं नव्हतं.

दोन आठवड्यांनी त्यांनी सगळ्या तक्रारी एका मोठ्या कागदावर आडव्याउभ्या रेघा मारून मांडल्या आणि ते एका रांगेपाशी थांबले. मग डाव्या रकान्यात लिहिलं: ‘मध्यभागी शिवण उसवल्याच्या एकोणीस तक्रारी आहेत. आपण माप उभ्याने घेतो. बसून कोणी पाहिलेले दिसत नाही. सर्व ग्राहकांनी कळवावे, की साडी नेसल्यावर त्या नेमके काय करतात.’

दोन दिवसांत तीनशे अकरा उत्तरं आली. लेझीम खेळते. मांडी घालून सत्यनारायणाला बसते, अडीच तास. बाळाला मांडीवर घेते. ढोल वाजवते, ढोल पोटाशी बांधते. नागपूरच्या कादंबरी नावाच्या बाईंनी लिहिलं, ‘फक्त सासूबाईंच्या पाया पडते, पण दिवसातून नऊ वेळा. टोचतं ते तिथेच.’ आणि डोंबिवलीच्या सुहासिनीनं लिहिलं, ‘पाडव्याच्या शोभायात्रेत आम्ही मोटरसायकली चालवतो. गेल्या वर्षी फडके रोडवर माझी साडी फाटली. उतरताच येईना. घरापर्यंत तशीच चालवत आले, लोकांना वाटलं उत्साह आहे.’

“मोटरसायकल,” खांबेटे म्हणाले.

रफिकुल ओस्तागरांकडे होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ते ती घेऊन गल्लीत हजर झाले. लुंगीची नीट इस्त्री, डोक्यावर टोपी. वृंदा हिरवी नऊवारी घालून खाली उतरली. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर पाड्यातले, म्हणजे वस्तीतले, चार काका रोज सकाळी देशाची काळजी करत बसतात. त्यांनी काळजी थांबवली.

“बौदी, आस्ते,” रफिकुल म्हणाले आणि मोटरसायकल दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे राहिले. वृंदाला ते बंगाली रीतीनं बौदी, म्हणजे वहिनी, म्हणत.

वृंदानं एक पाय उचलून पलीकडे टाकला. आवाज अख्ख्या गल्लीत ऐकू गेला.

वृंदा हलली नाही. खांबेट्यांनी पटकन तिच्या खुर्चीवरची शाल आणून तिच्याभोवती गुंडाळली. त्या शालीचं ते पहिलंच स्थलांतर. रफिकुलनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली.

“तीस साल से सिलाई करता हूँ,” ते हळू आवाजात म्हणाले. “औरत लोग बैठता भी है, ये बात आज तक किसी ने बोला ही नहीं.”

“आपने पूछा था?” वृंदानं गाडीवरूनच विचारलं.

“नहीं, बौदी.”

खांबेट्यांनी वहीत लिहिलं: ‘प्रयोग यशस्वी. साडी फाटली.’

इलाज रफिकुलना ठाऊक होता. पायजमा शिवणाऱ्या प्रत्येकाला असतो. दोन पायांच्या मध्ये एक चौकोनी तुकडा जोडायचा, मियानी म्हणतात त्याला. साडीला तो का लावायचा, हे कोणी त्यांना सांगितलं नव्हतं, कारण साडी म्हणजे उभं राहून फोटो काढण्याची गोष्ट, असं वेबसाइटवरच्या सगळ्या फोटोंवरून त्यांचं मत झालं होतं. चार दिवसांनी मियानीवाली साडी आली. वृंदा गाडीवर बसली. उतरली. पुन्हा बसली. नऊ वेळा वाकून खांबेट्यांच्या पाया पडली, नागपूरच्या बाईंसाठी.

“आशीर्वाद तरी द्या,” ती म्हणाली.

“मोजतोय,” खांबेटे म्हणाले.

मग ती रफिकुलच्या मागे बसून खिदिरपूरच्या पुलापर्यंत जाऊन आली. येताना पुलावर तिनं एक हात हवेत वर केला होता, असं टपरीवरच्या काकांचं म्हणणं आहे. वृंदा ते मान्य करत नाही.

त्या संध्याकाळी नूपुरनं लॅपटॉप उघडला आणि वडिलांकडे फिरवला. “सांगा. कसा पाहिजे?”

वेबसाइटवर दोन गोष्टी नव्या झाल्या. पहिली, माप विचारण्याआधी एक प्रश्न: ‘नेसून काय करणार?’ खाली चित्रं. लेझीम, पूजा, बाळ, ढोल, मोटरसायकल, सासूबाई. जे बोटानं दाबाल त्याप्रमाणे साडीचं चित्र तुमच्यासमोर बदलणार. मियानी मोठी होणार, काष्टा सैल होणार. कंबरेच्या मापाखाली नूपुरनं एक ओळ टाकली: ‘हा आकडा फक्त ओस्तागरांना दिसतो.’ त्या ओळीनंतर कोलकात्यात येणाऱ्या कंबरा सरासरी अडीच इंचांनी वाढल्या.

दुसरी गोष्ट होती ‘फाइल कुठे आहे?’ तक्रारीचा क्रमांक टाकला की ती कोणाच्या टेबलावर आहे आणि किती दिवस, ते कोणालाही दिसणार. याला खांबेट्यांनी कडाडून विरोध केला.

“दिवसही दाखवायचे? सगळ्यांना?”

“हो.”

“मग टेबलावर ठेवून कसं चालेल?”

“नाहीच चालणार, बाबा.”

चौतीस वर्षांच्या अनुभवाच्या पायाखालची जमीन सरकली. पण खांबेटे टेबलाचं घेऊन बसले होते आणि टेबल जेवणाचं होतं. त्यांनी सही केली.

मार्चच्या सुरुवातीला एका सल्लागार कंपनीचं पत्र आलं. वाईट अभिप्राय खाली दाबून चांगले वर आणून देऊ, चांगले नसतील तर तेही लिहून देऊ. खांबेट्यांनी पत्र जसंच्या तसं वेबसाइटवर लावलं आणि डाव्या रकान्यात लिहिलं: ‘प्रस्ताव वाचला. वाईट अभिप्राय हा आपला कच्चा माल आहे. तो दाबल्यास ओस्तागरांनी काय शिवावे? नामंजूर.’ कुठल्याही साडीला पडल्या नव्हत्या इतक्या टाळ्या त्या नामंजुरीला पडल्या.

पाडव्याला तारे चार पूर्णांक सातवर होते. रफिकुलकडे सहाची चौदा यंत्रं झाली होती आणि शेजारच्या दोन ओस्तागरांनी मुलांचे फ्रॉक शिवणं थांबवून मियानीचा अभ्यास सुरू केला होता. साड्या परत येणं जवळपास थांबलं. एक आली, तीही चिठ्ठीसकट: ‘नणंदेला आवडली, तिला द्यावी लागू नये म्हणून लपवायला पाठवते आहे, आठ दिवसांनी परत पाठवावी.’ खांबेट्यांनी क्रमांक देऊन ठेवून घेतली.

दुपारी सुहासिनीचा व्हिडिओ आला. फडके रोडवर बासष्ट मोटरसायकली, बासष्ट नऊवाऱ्या, ढोल, फेटे, गॉगल. सगळ्यांत पुढे स्वतः सुहासिनी, कंबर सदतीस. चौकात त्या थांबल्या, एकदम उतरल्या, एकदम परत बसल्या. काही उसवलं नाही. मग तिनं पाठीमागून एक पुठ्ठा काढून कॅमेऱ्यासमोर धरला. त्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: ‘फाइल क्रमांक एक. तक्रारदार समाधानी आहे. बंद करण्यास हरकत नाही.’

वृंदानं तो व्हिडिओ चार वेळा पाहिला. पाचव्यांदा पाहताना तिनं फोन उचलला आणि रफिकुलना दिवाळीपर्यंतचं कापड सांगितलं.

“बंद करायचं काय झालं?” खांबेट्यांनी नूपुरला विचारलं.

“कुठला बंद?” नूपुर म्हणाली. ती आईच्या खुर्चीवरची शाल घडी करून पुन्हा पाठीवर नीट टाकत होती.

एवढ्यावर हे थांबायला हरकत नव्हती. पण पाडव्यानंतर चार दिवसांनी सुहासिनीनं अजून एक अभिप्राय टाकला. क्रमांक चारशे बारा. ‘तक्रार नाही, विचारणा आहे. खांबेटेकाका, तुम्ही नोकरीतही असंच लिहीत होतात का?’

खांबेट्यांनी वाचलं आणि ते दुसऱ्या तक्रारीकडे वळले. पण वेबसाइट नूपुरनं बनवलेली होती, आणि ती कोणाची भीड ठेवत नव्हती. ‘४१२ : खांबेट्यांच्या टेबलावर. १ दिवस.’ मग तीन दिवस. मग नऊ. बाराव्या दिवशी नागपूरच्या कादंबरीबाईंनी विचारलं, ‘काका आजारी आहेत का?’ पंधराव्या दिवशी रफिकुलनी फोन केला, “खाम्बेटेबाबू, शरीर भालो?” एकोणिसाव्या दिवशी वृंदानं चहाचा कप त्यांच्यासमोर ठेवला आणि ती समोर बसली.

“चारशे बारा,” ती म्हणाली.

खांबेट्यांनी हातातली वही मिटली.

“एक बाई यायच्या,” ते म्हणाले. “मधुवंती सान्याल. बागबाजारच्या. मुलींच्या शाळेत शिकवायच्या. त्यांचा थोरला भाऊ बोटीवर इंजिनियर होता, तिकडे दूर कुठल्या बंदरात वारला. कंपनीनं त्याची पेटी इकडे पाठवली. कपडे, दाढीचं सामान, काही वह्या. पेटी पोचली नाही म्हणून बाई आल्या. दर वर्षी दुर्गापूजेच्या आधी यायच्या. अकरा वर्षं.”

“आणि?”

“पहिल्याच वर्षी मी शेडच्या वह्या पाहिल्या होत्या. पेटी आली होती, वृंदा. आमच्याकडून सूचना चुकीच्या पत्त्यावर गेली, कोणी न्यायला आलं नाही, म्हणून बेवारस मालात लिलाव झाला. मी डावीकडे सगळं लिहिलं. एक शब्द खोटा लिहिला नाही.”

“आणि उजवीकडे?”

“‘बाब विचाराधीन आहे.’ अकरा वेळा.” वृंदा उठली आणि तिनं त्यांचा इस्त्रीचा सदरा काढून पलंगावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेबसाइटवर ओळ बदलली: ‘४१२ : बागबाजारला नेली आहे.’

नोटशीट कचेरीत होती आणि कचेरीतून काही बाहेर येत नाही. पण ती खांबेट्यांना पाठ होती. त्यांनी ती हातानं उतरवून काढली, दोन प्रतींत, तारखेसकट. गंगेजवळच्या त्या गल्लीतला पत्ता शोधावा लागला नाही. तो त्यांनी अकरा पाकिटांवर स्वतः लिहिला होता. पहिल्या मजल्याचं दार एका उंच, वाकलेल्या बाईंनी उघडलं. त्यांनी खांबेट्यांकडे बराच वेळ पाहिलं.

“टेबल नंबर सात,” त्या बंगालीत म्हणाल्या. खांबेट्यांचं नाव त्यांना कधी ठाऊक नव्हतं.

“हो.”

“बोशुन.”

खांबेटे बसले आणि त्यांनी एक प्रत पुढे केली. बाई बसल्या नाहीत. त्यांनी चष्मा आणला, खिडकीपाशी गेल्या आणि उभ्यानं कागद वाचला. संपल्यावर पहिल्यापासून पुन्हा वाचला.

“म्हणजे आली होती,” त्या म्हणाल्या.

“आली होती.”

“दादाची पेटी कोलकात्यात होती.”

“खिदिरपूरला. सात महिने.”

“कुलूप होतं?”

“होतं. लिलावापर्यंत कोणी उघडली नव्हती.”

बाईंनी मान हलवली. बाहेर कोणीतरी मासेवाल्याशी दरावरून वाद घालत होतं. बाईंनी टेबलावरचं पेन उचललं, कागद खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि एक शब्द खोडून वर दुसरा लिहिला.

“दादा गेला ते व्हालपाराइसो चिलीत आहे,” त्या म्हणाल्या. “तुम्ही पेरू लिहिलंय. तुमच्या अकराही पत्रांत पेरू होतं. मी भूगोल शिकवायचे. मला वाटायचं, हे लोक पेटी पेरूमध्ये शोधतायत, म्हणून सापडत नाही.”

“चूक आपली,” खांबेटे म्हणाले. मग थांबले. “माझी.”

“प्रत द्या,” बाई म्हणाल्या.

त्यांनी दुसऱ्या प्रतीवरही पेरू खोडून चिली केलं, खाली ‘मिळाले’ लिहिलं, सही केली, तारीख घातली आणि ती खांबेट्यांना परत दिली. मग कपाटातून एक जुनी फाइल काढली. उजवीकडे खांबेट्यांची पत्रं होती, तारखेप्रमाणे लावलेली, कडा पिवळ्या पडलेल्या. डावी बाजू रिकामी होती. बाईंनी कागदाला छिद्र पाडलं, डावीकडे ओवला, फाइल मिटली आणि नाडीची गाठ मारली. मग ती गाठ सोडली, आणि पुन्हा एकदा, नीट, घट्ट मारली.